सर्व्हिसिंग करूनही गाडीचं एवरेज पुन्हा पुन्हा पडतं तेव्हा

इंदूरमध्ये एवरेजची तक्रार घेऊन कुठल्याही मिस्त्रीकडे गेलात की तीन कामं ठरलेली: एअर फिल्टर बदल, प्लग बदल, थ्रॉटल बॉडी साफ. बिल भरून निघालं की गाडी चार दिवस हलकी वाटते. दोन-तीन महिन्यांत तक्रार जिथल्या तिथे, आणि मग पुन्हा तीच तीन कामं. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, टिळकनगर, आमच्या ओळखीच्या घरोघरी हेच ऐकू येतं. दोष पूर्णपणे मिस्त्रीचा नाही. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर चोंदला की मिश्रणात पेट्रोल वाढायचं आणि गाडी खरंच जास्त प्यायची. आताच्या, इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत आत येणारी हवा सेन्सरवरून कळते आणि पेट्रोल तेवढंच सोडलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली हे मुद्दाम तपासलं होतं. फिल्टर चोंदल्यावर अशा पेट्रोल गाड्यांचा पिकअप कमी झाला, एवरेजमध्ये मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फिल्टर वेळेवर बदलायचा तो इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. एवरेजचं दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडे असतं, आणि त्यातली निम्मी ठिकाणं तर इंजिनाच्या बाहेरची आहेत.

पुढचं सगळं मुख्यतः पेट्रोल हॅचबॅक आणि लहान सेडान डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. डिझेलचं शेवटाकडे थोडं येईल.

आधी मोजमाप

"पूर्वी हजाराच्या पेट्रोलमध्ये आठवडा निघायचा, आता पाच दिवसांत संपतं" याला मोजमाप म्हणत नाहीत. पेट्रोलचे भाव बदलतात, आठवडेही सारखे नसतात. डॅशबोर्डवरचा आकडा नुसता कल पाहायला बरा. तो प्रत्यक्ष टंकी मोजून येत नाही, इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून काढलेला हिशेब असतो, आणि बहुधा थोडा उदारच असतो.

टंकी फुल करा. नोजल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि टंकी निम्म्याहून खाली गेली की त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोजलवर, गाडी त्याच बाजूला उभी करून पुन्हा पहिल्या 'टक'पर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. निम्मी टंकी कशाला, तर नोजल बंद होण्यात सहज एखाद्या लिटरचा फरक पडतो. दहा लिटरवर मोजलंत तर ती चूक दहा टक्क्यांची होते, तीस लिटरवर जेमतेम तीन टक्क्यांची. लोक शंभर किलोमीटर चालवून "दोनने एवरेज पडलं" म्हणतात ते बरेचदा या चुकीतलंच असतं.

आपल्याकडे पंपावर राउंड फिगर करण्यासाठी गाडी हलवून हलवून पेट्रोल कोंबायची खोड आहे. ती सोडा. हिशेब बिघडतो हा लहान तोटा. मोठा तोटा असा की टंकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा ओला होतो, मग त्यातलं पेट्रोल, ती वाफ इंजिनाकडे सोडणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हमधून, नको तेव्हा इंजिनात ओढलं जातं. भरल्यावर लगेच गाडी नीट स्टार्ट न होणं आणि पेट्रोलचा वास येणं ही त्याची खूण.

मोजमाप जाऊन-येऊन अशा फेरीचंच धरा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि महेश्वर दीडशेच्या. मानपूरच्या पुढे घाट उतरून निमाडात जाताना डॅशबोर्ड सुखावणारे आकडे दाखवतो, तेच येताना तोंड कडू होतं. चार माणसं बसलेली बाराशे किलोची गाडी चारशे मीटर वर चढवायला, इंजिनाची कार्यक्षमता धरून, साधारण अर्धा लिटर पेट्रोल नुसत्या चढाचं लागतं. नव्वद किलोमीटरच्या प्रवासात अर्धा लिटर म्हणजे आकडा चांगलाच हलतो. फक्त परतीचं एवरेज काढून गाडी गॅरेजला नेणारे लोक आहेत, म्हणून हे लिहिलं.

टायर बदलल्यापासून एवरेज पडलं असेल तर टायरचं माप पाहा. ओडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. नव्या टायरचा व्यास तीन टक्के मोठा असेल तर मीटर तीन टक्के कमी किलोमीटर दाखवेल. पेट्रोल तेवढंच जळालं, किलोमीटर कागदावर हरवले. बायपासवर मोबाइलच्या जीपीएसशी वीस-तीस किलोमीटर ताडून पाहिलं की हे लगेच कळतं. रुंद टायर आणि जड अलॉय लावले असतील तर मात्र नुकसान खरंच आहे, आणि ते जुने टायर परत घातल्याशिवाय भरून येत नाही.

कंपनीचा आकडा आणि आपला सिग्नल

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर काढतात. त्या चाचणीचं चक्र ११८० सेकंदांचं, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ९०, आणि एसी बंद. रोलरवर किती विरोध द्यायचा हे आधी रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत सोडून ठरवतात. आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला, तिथे गाड्यांच्या असल्याच चाचण्या चालतात. तेव्हा तुमच्या गाडीची तुलना त्या आकड्याशी करू नका. तिच्याच मागच्या वर्षीच्या, त्याच महिन्यातल्या आकड्याशी करा. मे महिन्याचं एवरेज नोव्हेंबरशी ताडून पाहणं म्हणजे एसीला नावं ठेवणं.

सिग्नलवर उभं राहण्याचा हिशेब एकदा करून पाहा, झोप उडेल. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जातं, एसी लावला की त्याहून जास्त. राजेंद्रनगरहून विजयनगरला नोकरीला जाणाऱ्याचं भवरकुआँ, नवलखा, पलासिया आणि मेट्रोच्या कामांनी अडलेले पुढचे रस्ते धरून जाता-येता अर्धा तास उभं राहणं सहज होतं. म्हणजे रोज साडेतीनशे-चारशे मिली शून्य किलोमीटरसाठी. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर आणि एकूण खप दोन लिटर धरला तर जवळजवळ पाचवा हिस्सा झाला. ऑफिस बदललं, मुलांची शाळा बदलली, रस्त्यात खोदकाम निघालं आणि त्याच सुमारास एवरेज पडलं, तर गाडीला हात लावायच्या आधी हा हिशेब करा. सिग्नलच्या घड्याळात अर्ध्या मिनिटाहून जास्त दिसत असेल तर इंजिन बंद करणं परवडतं. पुन्हा स्टार्ट करायला एवढं पेट्रोल लागत नाही.

ब्रेक धरून ठेवतोय का?

इंदूरच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे गणपती-नवरात्राच्या सुमारास येणाऱ्या एवरेजच्या तक्रारींत मी पहिला संशय ब्रेकवर घेतो. हजार किलोची गाडी सपाट सिमेंटच्या रस्त्यावर हळू ढकलायला दहा-बारा किलो वजनाइतकाच जोर पुरतो. म्हणून तर एकटा माणूस बंद गाडी ढकलू शकतो. आता चारपैकी एका चाकावर ब्रेकचे पॅड नुसते घासत राहिले आणि त्याने तीन-चार किलोंचा विरोध वाढवला, तर चाकांकडचा विरोध एक तृतीयांशाने वाढला. आवाज येत नाही, गाडी ओढत नाही, ब्रेकही छान लागतात. कळतं ते फक्त पंपावर.

परीक्षा फुकट आहे. पहाटे सुपर कॉरिडॉरसारख्या सपाट, मोकळ्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगाने जा, न्यूट्रल करा आणि गाडी कशी थांबते ते पाहा. चांगली गाडी लांबवर घरंगळत जाते आणि शेवटी आळसावून थांबते. ब्रेक धरलेली गाडी शेवटच्या दहा-पंधराच्या वेगाला चटकन बसते, जणू कुणी हलकासा ब्रेक दाबला. वारा आणि उतार कापले जावेत म्हणून तोच तुकडा उलट्या दिशेनेही करा. मागून कुणी येत नाही ना हे आधी पाहा, आणि इंजिन चालूच ठेवा, नाहीतर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातील.

मग पंधरा-वीस मिनिटं ब्रेक कमीत कमी वापरत गाडी चालवा, उतरा आणि चारही रिमांजवळ हात न्या. हात लावू नका, जवळ न्या. पुढची दोन चाकं एकमेकांइतकी गरम हवीत, मागची दोन एकमेकांइतकी. एकच चाक धगधगत असेल तर चाक सापडलं. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. शंका उरली तर ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो. पण जोर लावून फिरवावं लागत असेल आणि सोडल्यावर चाक लगेच थांबत असेल तर दोष नक्की.

पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड धरणारा कॅलिपर दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. त्या पिनांवरचं रबरी बूट फाटलं की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस सुकतं आणि कॅलिपर सरकेनासा होतो. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला चिकटून राहतो. आतला आणि बाहेरचा पॅड असमान झिजलेले दिसले तर पिन किंवा पिस्टन अडकतोय असं समजा. उपाय साधा: पिना काढून गंज साफ करणं, रबरी बूट नवं, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. इथे मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहावं लागतं, कारण तो डब्यातलं बेअरिंगचं साधं ग्रीस बोटाने लावून मोकळा होतो. त्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पहिल्याहून घट्ट बसते. एवरेज "पुन्हा पुन्हा" पडण्याचं हे एक अस्सल कारण. दर सर्व्हिसिंगला "ब्रेक क्लीनिंग" म्हणून पैसे घेतात, त्यात नुसते पॅड काढून हवा मारली की पिनाही साफ केल्या, हे विचारा. बरेचदा हवाच मारलेली असते.

मागच्या ड्रमची गोष्ट हँडब्रेकची. भर पावसात आठवडाभर हँडब्रेक ओढून गाडी उभी राहिली की केबलच्या आत गंज धरतो आणि लिव्हर खाली केला तरी आतले ब्रेक शू पूर्ण मागे येत नाहीत. आजी-आजोबांची, फक्त रविवारी निघणारी गाडी यात हमखास सापडते. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट किंवा लाकडी ठोकळा लावा आणि हँडब्रेक सोडून द्या. कुणी "हँडब्रेक टाइट करून दिला" म्हणाला तर त्यानंतर ती घरंगळण्याची परीक्षा पुन्हा घ्याच.

हवा

टायरमधल्या हवेबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडक्यात आवरतो. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी, घराजवळच्या पंपावर. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरमध्ये एक पीएसआय हवा कमी झाली की एवरेज साधारण ०.२ टक्के घसरतं. म्हणजे पाच पीएसआयने एक टक्का. एवरेज १८ वरून १३ वर आलं असेल तर ते हवेने आलेलं नाही, हे यावरून ओळखा. तरी हवा पाहायची, कारण ती फुकट आहे आणि टायर वाचतात. पाच-सहा अंशांनी तापमान उतरलं की एक पीएसआय उतरतो. मे महिन्यात ४२ अंशांत भरलेली हवा जानेवारीत दहा-बारा अंशांच्या सकाळी मोजली तर काही गळती नसतानाही पाच-सहा पीएसआय कमी भरेल. नायट्रोजनने एवरेज वाढत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरवरून हात फिरवताना एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखा खरखरीत लागला तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलं आहे. चाकं वाकड्या तोंडाने घासत जातात, आणि त्याचा फटका हवेपेक्षा मोठा असू शकतो.

थर्मोस्टॅट: उन्हाळ्यात काढलेला, हिवाळ्यात नडलेला

माझ्या मावसभावाच्या हॅचबॅकची तक्रार होती की दोन हिवाळे सलग एवरेज चारेकने पडतं आणि होळीनंतर थोडं सुधारतं. प्लग झाले, फिल्टर झाला, इंजेक्टर साफ झाले. शेवटी स्कॅनर लावला तर बायपासवर ऐंशीच्या वेगाने जाताना कुलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान ६२ अंश. पलासियाच्या गर्दीत तेच ८५ वर जायचं. त्या दोन हिवाळ्यांआधीच्या मे महिन्यात गाडी गरम झाली होती तेव्हा रस्त्यावरच्या मिस्त्रीने "भिया, वाल ही निकाल देते हैं, अब गरम नहीं होगी" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. गाडी गरम व्हायची थांबली, सगळे खूश.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटरच्या मधला तापमानावर उघडणारा दरवाजा. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. तो नसला किंवा उघडा अडकला तर रेडिएटर पहिल्या मिनिटापासून इंजिन गार करत बसतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिनाचा कंप्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढलेलाच राहिला तर जे व्हायचं, तेच हे. वर तेल घट्ट राहतं, त्याचा विरोध वेगळा.

ओळखायची खूण वर आलीच: गर्दीत तापमान ठीक, मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याने उतरतं. काटा असलेल्या गाडीत काटा मधल्या रेषेच्या खाली राहतो. नव्या लहान गाड्यांत काटा नसतो, निळा दिवा असतो, आणि तो इंजिन पुरतं तापायच्या बरंच आधी विझतो. त्यामुळे "निळा दिवा जातो ना, मग ठीक आहे" हे चालत नाही. हिवाळ्यात हीटर लावून पाहा. पंधरा मिनिटं चालवूनही हवा कोमटच येत असेल तर संशय पक्का.

उपाय कंपनीचा किंवा चांगल्या बनावटीचा नवा थर्मोस्टॅट, नवं गॅस्केट आणि साध्या पाण्याऐवजी योग्य प्रमाणात कुलंट. भाग बहुतेक लहान गाड्यांत फार महाग नसतो. पण तो बसवण्याआधी मुळात गाडी गरम का होत होती ते शोधलंच पाहिजे: रेडिएटरचा पंखा वेळेवर चालू होतो का, रिले गेलाय का, रेडिएटर बाहेरून धूळ-किड्यांनी आणि आतून क्षाराने चोंदलाय का, झाकणाचं रबर गेलंय का. बोअरिंगचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं की आत क्षार बसणारच. हे न शोधता थर्मोस्टॅट बसवला तर पुढच्या एप्रिलमध्ये गाडी पुन्हा तापेल आणि पुन्हा कुणीतरी तो काढून टाकेल. भावाच्या गाडीत पंख्याचा रिले गेला होता. आणि हो, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, चेहरा भाजतो.

याचंच धाकटं भावंड म्हणजे छोट्या फेऱ्या. थर्मोस्टॅट ठणठणीत असला तरी दोन किलोमीटरवरची भाजी, तिथून एक किलोमीटरवर शिकवणी, मग तासाभराने परत, अशी गाडी थंडीत कधी तापतच नाही. अशा गाडीला आठ-नऊचं एवरेज मिळालं तर गाडी नीरोगी आहे. कामं एका फेरीत जोडा, किंवा स्कूटर काढा.

स्कॅनर लावलात तर काय पाहायचं

साधारण २०१३ नंतरच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली स्कॅनरचं सॉकेट असतं. ब्लूटूथचा लहान डोंगल आणि मोबाइलमधलं अ‍ॅप एवढ्यावर बरंच कळतं. चेक इंजिनचा दिवा लागलेला नसेल तरी लावून पाहा. एवरेज खाणारे बरेच दोष दिवा लागण्याइतके मोठे होत नाहीत.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी स्टार्ट करण्याआधी फक्त चावी फिरवून कुलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळजवळ सारखी हवीत. कुलंटचा सेन्सर १० अंश आणि हवेचा २४ दाखवत असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय. कुलंट खोटा थंड दाखवत असेल तर कंप्युटर विनाकारण जास्त पेट्रोल सोडणार.

इंजिन तापल्यावर फ्युएल ट्रिम पाहा. कंप्युटरला आपल्या मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढवावं किंवा घटवावं लागतंय, तो हा आकडा. लाँग टर्म ट्रिम पाचाच्या आत असेल, अधिक असो वा उणे, तर विसरून जा. दहाच्या पलीकडे असेल तर शोधायला लागा. उणे मोठा आकडा म्हणजे कुठून तरी आगंतुक पेट्रोल येतंय: गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, जास्त फ्युएल प्रेशर. अधिक मोठा आकडा म्हणजे न मोजलेली हवा शिरते आहे किंवा पेट्रोल कमी पोचतंय. इथे एक गैरसमज असतो. +१२ दिसलं की लोक म्हणतात गाडी बारा टक्के जास्त पेट्रोल पितेय. तसं नाही, तो मिश्रण जागेवर आणतोय. पण धुरातला ऑक्सिजन मोजणारा पुढचा ऑक्सिजन सेन्सरच बिघडून "हवा जास्त आहे" असं खोटं सांगत असेल, तर मात्र ते जादा पेट्रोल खरंच जळतं. मग सायलेन्सरच्या तोंडाशी काळी कोरडी काजळी दिसते आणि पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड वाढलेला येतो. पीयूसीचा कागद लोक काचेत खोचून विसरतात. मागच्या वेळचा आकडा शेजारी ठेवून वाचला तर फुकटची तपासणी आहे.

जुन्या पद्धतीचा पुढचा ऑक्सिजन सेन्सर तापलेल्या इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली नाचला पाहिजे. एका जागी चिकटला किंवा सुस्तावला तर बदलायचा. नव्या बऱ्याच गाड्यांत वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, त्याला ही व्होल्टची कसोटी लागू नाही. तिथे ट्रिमवरच भर द्या. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून गाडी गॅरेजला न्या. तो मिसफायर असतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकतं.

काय नाकारावं

डिकार्बनायझेशन (इंजिनातली काजळी काढणं), इंजेक्टर क्लीनिंग, टंकीत ओतायची बाटली: कुठल्या तपासणीवरून गरज दिसली, असं विचारा. उत्तर "किलोमीटर झालेत ना" असं आलं तर नको म्हणा. इंजिन ऑइल मात्र जातीने पाहा. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलेल्या गाडीत गल्लीतला मिस्त्री "गर्मी में गाढ़ा अच्छा" म्हणून २०डब्ल्यू-४० ओततो. सांगितलेल्या तेलापेक्षा घट्ट तेलाने एवरेज एक-दोन टक्के जातं, आणि सकाळी स्टार्ट करताना इंजिनाला त्रास होतो तो वेगळाच.

मोठ्या गिअरमध्ये चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच प्लेट सरकतेय. नाशिकला सामान नेण्यासाठी लावलेला छतावरचा कॅरियर गेल्या दिवाळीपासून तसाच असेल तर उतरवा. डिकीतलं पन्नासेक किलोंचं सामान टक्काभर खातं. देवास बायपासवर ८० ऐवजी १०० ने गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो. त्याची दुरुस्ती कुठल्याच गॅरेजमध्ये होत नाही.

बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक भानगड असते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर काजळीने भरतो, आणि ती जाळायला गाडी वरचेवर जादा डिझेल सोडते. आठवड्यातून एकदा उज्जैन किंवा खलघाटापर्यंत एका दमात, गाडी गरम ठेवून जाऊन आलात की बरेचदा प्रश्न सुटतो. डिझेलची टर्बोची रबरी नळी फाटली तर एवरेज आणि ताकद दोन्ही जातात, आणि मागून काळा धूर दिसतो.

ई२० आणि पंपाचं माप

वरचं सगळं तपासून झाल्यावर पेट्रोलकडे वळा, आधी नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही साध्या पेट्रोलसाठी बनवून ई१० (१० टक्के इथेनॉल) वर जुळवलेल्या चारचाकींत सहा-सात टक्के, आणि ई१० साठी बनवून ई२० वर जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के घट धरली होती. म्हणजे तुमची जुनी गाडी १६ ची १५ झाली तर त्यात इथेनॉलचा वाटा मानायला जागा आहे. १६ ची ११ झाली तर इथेनॉलवर ढकलून मोकळं होऊ नका, ब्रेक पाहिलेत का ते सांगा.

पंपावर संशय असेल तर भांडू नका, माप मागा. प्रत्येक पंपावर नापतौल (वजनमापे) विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितल्यावर त्यात पेट्रोल भरून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. मीटर शून्यावर आहे हे पाहा, शिक्क्याची तारीख वाचा, माप सपाट जागी ठेवायला लावा आणि फेस बसेपर्यंत थांबा. २५ मिलीच्या बाहेर गेलं तर पावती आणि फोटो घेऊन नापतौल विभागाकडे तक्रार करा.